पहिल्या डागाचा मान

सन १९८१, जून महिन्याचा दुसरा शनिवार, सकाळचे दहा. स्थळ, वायोमिंग राज्यातील ड्राय फोर्क परगण्याचे न्यायालय. परगण्याच्या शताब्दीची मिरवणूक दुपारी निघायची होती, आणि तिच्या अग्रभागी घोड्यावर कोणी बसावे याचा निकाल अद्याप लागलेला नव्हता.

नियम जुना होता. परगण्यातल्या पहिल्या गाईला ज्या घराण्याने तापल्या लोखंडाने मालकीचा डाग दिला, त्याचा घोडा पुढे. ते घराणे हॉगनांचे की प्रुइटांचे, यावर तीन पिढ्या भांडल्या होत्या. दरवर्षीच्या मिरवणुकीत दोन घोडे एकमेकांना रेटत शेजारी चालत. गेल्या वर्षी दोन्ही बँडवाल्यांच्या ढोलावर जाऊन आदळले. म्हणून यंदा घोडा एकच.

थर्लो हॉगन एकाहत्तर वर्षांचा होता. शरदात त्याच्या कमरेची शस्त्रक्रिया ठरली होती. त्यानंतर घोडा विसरायचा, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्याने एक्केचाळीस पानांचे निवेदन स्वहस्ते लिहून आणले होते आणि आता तो सदतिसावे पान वाचत होता. त्याचा सारा युक्तिवाद भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेल्या एका कातड्यावर उभा होता. पहिली गाय ती हीच, एवढे दोन्ही घराण्यांना मान्य होते. तिच्या पुठ्ठ्यावर हॉगनांचा डाग होता: वर्तुळ, आणि त्यात क्रूस.

"वर्तुळ कुठंय त्यात?" कोरा बेथ प्रुइट म्हणाली. विणकामावरून मान वर करण्याची तसदी तिने घेतली नाही. "नुसता क्रूस आहे, तो आमचा. भोवतालचे केस कसरीनं खाल्लेत. तुझ्या आजोबांनी नाही, थर्लो, किड्यांनी डागलंय ते."

बाकांवरचे गुरेवाले हसले. थर्लो तिच्याशी पहिलीच्या वर्गापासून वाद घालत आला होता आणि अजून एकदाही जिंकला नव्हता.

"उलटं करा ते कातडं," तो म्हणाला. "कीड केस खाईल, आतल्या बाजूला उमटलेला चटका कसा खाईल? जुना चटका पांढुरका, नवा काळपट. विचारा ऑर्व्हिलला."

ऑर्व्हिल सँडक्विस्ट परगण्याचा डाग-तपासनीस होता. चाळीस वर्षे तो बाजारात गुरांचे पुठ्ठे वाचत आला होता. "खरंय ते," तो सावकाश म्हणाला. "पण थर्लो, आहे तसंच राहू दे."

"का म्हणून?"

"शंभर वर्षं कुणाचं काही बिघडलं नाही, म्हणून."

"उलटं करा."

खिळे निघाले. कातडे मेजावर पालथे पसरले गेले. थर्लो वाकला, आणि त्याचे बोट वर्तुळावरून विजयाने फिरले. वर्तुळ होते, पूर्ण, गोल, काळपट. मग बोट आतल्या क्रूसावर आले आणि थबकले. क्रूस वर्तुळाहून फिकट होता. म्हणजे तो आधीचा. प्रुइटांच्या गाईवरच्या क्रूसाभोवती त्याच्या आजोबांनी वर्तुळ ओढले होते. या कृत्याला त्या काळी एकच नाव होते, आणि त्याची शिक्षाही एकच: झाडाला टांगणे.

कोरा बेथने सुया खाली ठेवल्या. "चोर," ती जवळजवळ मायेने म्हणाली. "मला लहानपणापासून वाटायचंच. चला, माझ्या घोड्यावर खोगीर घाला कुणीतरी."

"थांब जरा." थर्लोने चष्मा पुसून पुन्हा चढवला. एक्केचाळीस पाने लिहिणाऱ्या माणसाला अर्धवट सोडणे जमत नाही. क्रूसाची आडवी रेघ फिकट होती खरी. परंतु उभी रेघ तिच्याहूनही पांढरी होती, म्हणजे तिच्याही आधीची. "ऑर्व्हिल, नुसती उभी रेघ कुणाची?"

"टेक्सासहून उत्तरेला निघालेल्या कळपाची," ऑर्व्हिलने एक सुस्कारा सोडला. "इथून पुढं गेल्यावर मोजणीत एक गाय कमी भरली. मालकानं परत येऊन तक्रार लिहून दिली. आपल्या कचेरीतला पहिला कागद तोच आहे."

बाकांवर कोणी हसले नाही. त्यांतल्या प्रत्येकाच्या घरी एखादा आजोबा होऊन गेलेला होता.

"मग आता पुढं कोण?" कोरा बेथने विचारले. तिचा आवाज इतका खाली आलेला थर्लोने कधी ऐकला नव्हता.

ऑर्व्हिलने कातडे सुलटे केले आणि तळहाताने त्यावरची धूळ झटकली.

"पुढं ही गाय," तो म्हणाला. "मागनं तुम्ही दोघं. पायी."