फिजिओचं टेबल

शारजात स्पर्धा असली की नेपाळचे खेळाडू आपली दुखणी घेऊन मैदानावरच्या फिजिओकडे, चिपळूणच्या नागेशकडे यायचे. कप्तान लोकबहादूर एकेकाला धरून आणायचे, स्वतः मात्र कधी टेबलावर बसलेसुद्धा नाहीत. "मला काय धाड भरलीय? पोरांकडे बघा."

यंदा ते बोर्डाचे सेक्रेटरी होऊन आले, ब्लेझर घालून. नवा कप्तान टॉसला गेला, तसे ते लंगडत नागेशच्या खोलीत शिरले, टेबलावर आडवे झाले आणि पँट वर सरकवून त्यांनी हुश्श केलं.

सुजलेला गुडघा बघून नागेश चरकला. "साहेब, हे कधी लागलं?"

"कप्तान झालो, त्याच वर्षी. आता बघा सावकाश. आज मला पळायचं नाहीये."