दुपारचा फोन

घनसावंगीतल्या घरी नवा फोन बसला, आणि महिन्याभरात बेबीनंदाच्या जिवाला घोर लागला. रोज दुपारी फोन वाजायचा. तिचा नवरा सर्जेराव दाराकडं पाठ करून हळू आवाजात बोलायचा, हसायचा. "जेवलीस का?" असं विचारायचा. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं बेबीनंदाला हे कधीच विचारलं नव्हतं.

एका दुपारी ती त्याच्यासमोर जाऊन उभी राह्यली. "कोन हाये ती?"

सर्जेरावनं रिसीव्हरवर हात ठेवला. "हळू बोल. तिला ऐकू जाईल."

तिनं रिसीव्हर हिसकावून कानाला लावला. पलीकडून बेबीनंदाचा स्वतःचाच आवाज आला, रागानं कापणारा.

"अहो, माझ्या घरात ती बाई कोन हाये?"