काकड्याची वाट

धुक्यातून आधी गुरगुर आली, मग सात कुत्री आली.

गुंड्यानं दोरीला असा हिसका दिला की दैवशालाबाई पारापुढं आडव्याच झाल्या. दोरी मात्र त्यांनी सोडली नाही. गुंड्या मागच्या पायांवर उभा राहून भुंकत होता, थरथरत होता आणि सातही जणांनी त्याच्याभोवती फेर धरला होता.

मेंढवाड्यातून धुळाजीनं हाळी दिली. कुत्री एका दमात मागं फिरली.

"बांधा की ती कुत्री, धुळाजीभाऊ!" बाई गुडघे झटकत म्हणाल्या. "मी काकड्याला चाललेय, तुमच्या वाड्यावर दरोडा घालायला न्हाई."

"मेंढरामागची कुत्री बांधीत न्हाईत, वैनी. बांधल्यालं कुत्रं लांडग्यापुढं काय कामाचं?" धुळाजीनं घोंगडी खांद्यावर सारखी केली. "अन् तुमचं कुत्रं कशाला आणता देवाला? त्याला का आरती पाठ हाय?"

बाईंच्या डाव्या मनगटाला प्लास्टर पडलं. त्यांचा मुलगा भारत कारखान्यात फिटर. तो बोलायचा कमी, पण बोलला की करायचा. "माय, आणखी एकदा पडलीस ना, तर ह्याला बराबर जिथून आणला तिथं नेऊन सोडतो."

जिथून आणला ते म्हणजे उसाचं रिकामं रान. मागच्या उन्हाळ्यात तोडीवाल्यांची टोळी उठून गेली आणि हे पिल्लू पाचटात राहून गेलं. मोकाट कुत्र्यांनी त्याचा कान फाडला होता. तेव्हापासून दुसरं कुत्रं दिसलं की गुंड्याचं काळीज ठिकाणावर राहत नसे. माणसांत मात्र गरीब गाय. देवळात टाळ सुरू झाले की पायरीला मान टेकून डोळे मिटायचा. पहाटे घरी बांधून गेलं तर विव्हळून सगळी गल्ली उठवायचा. पुन्हा त्या रानात तो चार दिवससुद्धा जगला नसता, हे बाईंना ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी देवळात कीर्तन होतं. बुवा म्हणाले, "नाम घेत निघा. वाट तुमच्या आधी उठून स्वतःला झाडून ठेवते." बाईंनी ते वाक्य उरात धरून घरी आणलं. रात्री त्या गुंड्याच्या कानात म्हणाल्या, "ऐकलंस ना रे?"

दुसऱ्या पहाटे त्या निघाल्या. दोरी उजव्या हातात, ओठांवर नाम. धुकं असं उतरलं होतं की पायाखाली गाव आहे की नाही कळू नये. अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडून मळीचा गोडसर वास येत होता. पार आला. मेंढवाडा आला. मेंढरं एकमेकांच्या अंगावर माना टाकून निजली होती. कुत्रं एकही नव्हतं. गुंड्या थबकला, हवा हुंगली आणि चालू लागला. दोरी सैल लोंबत होती. आपण चालत नाही, कुणीतरी आपल्याला अलगद वाहून नेतंय, असं बाईंना वाटलं. देवळाची ज्योत धुक्यात तरंगत जवळ आली.

तिसऱ्या दिवशीही तसंच. आठव्या दिवशीही. रस्ता धुतल्यासारखा मोकळा.

"काकू, हे तुमचं पुण्य बरं का," शेजारची वंदना म्हणाली. "मंग आमच्या सासूबाईला बी तुमच्या मागं लावून देते. गल्लीतून तेवढीच गुमान जाईल."

भारतला हे पटेना. "थंडीनं पडून राह्यली असतील कुठं तरी." बारावा दिवस त्याच्या सुटीचा. "आज मी येतो. दोरी माझ्याकडं दे. एकदा काय ते बघूनच टाकू."

भारतचं आवरता आवरता अर्धा तास गेला. बाहेर पडले तेव्हा धुकं विरळ झालं होतं आणि लांबून काकड्याचे सूर येऊ लागले होते. पारापाशी गुंड्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. आडाकडच्या बोळातून सात कुत्री पळत येत होती.

भारतनं दोरी मुठीला गुंडाळली. "बघ माय! हे बघ तुझं नाम!"

बाईंचे ओठ थांबले. गुंड्या धनुष्यासारखा ताणला गेला.

तेवढ्यात बोळातून धुळाजी धावत आला. हातात रिकामी पाटी. त्यानं पाटी खाली टाकली, खांद्यावरची घोंगडी ओढली आणि दोन्ही हातांनी पडद्यासारखी मधे धरली. तोंडानं हळू च्यक् च्यक् केलं. सातही कुत्री त्याच्या पाठीमागं खाली बसली आणि जिभा चाटू लागली. घोंगडीच्या अलीकडं गुंड्या नुसता धापा टाकत उभा राहिला.

"आज लईच उशीर केला, वैनी," धुळाजीही धापा टाकत होता. "रोजच्यावाणी बोळात धरून ठेवली व्हती. पण भाकरी सरल्या."

"रोज?" बाईंनी विचारलं.

"त्यांना भाकर टाकावीच लागती. जरा लवकर अन् बोळात नेऊन टाकतो, एवढंच." तो खाली बघत म्हणाला. "तुमचं जनावर भेकड हाय, वैनी. भेकडाला आडवं जाऊ न्हाई."

भारतनं मुठीवरचा एकेक वेढा सोडला आणि दोरी आईच्या हातात परत दिली. "धुळाजीनाना," तो म्हणाला, "उद्यापासून पाटी घेऊन मी येतो बोळात."

दैवशालाबाईंनी तिथंच, भर रस्त्यात, हात जोडले. देऊळ अजून बरंच लांब होतं.