दशरथचा बेडका

कशेळ्याच्या दवाखान्यात रोहिणी क्षयरोग्यांचे बेडके तपासायची. काच ज्योतीवरून फिरवली की जंतू मरतात, मग रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. भ्यायचं काय त्यात?

पाड्यावरची जिजा नवऱ्याचा, दशरथचा, बेडका डबीतून आणायची. गोळ्या चालू असूनही दर खेपेला लाल जंतू वाढलेलेच दिसत; कितीतरी तर एकाचे दोन होत असतानाच ज्योतीने मेलेले.

"दशरथलाच घेऊन ये गं एकदा," रोहिणी शेवटी म्हणाली.

"त्यो कसा येल, बाई? होळीलाच वारला. आमीच पुरला त्याला."

ही स्वतःचाच बेडका आणते, रोहिणीने ताडलं. तिने जिजाला अंगणात उभं करून खाकरायला लावलं आणि लगेच तपासलं. काचेवर एकही जंतू नव्हता.

"मग डबीत कोणाचा आणतेस?"

"त्याचाच. सकाळी उठला की पयला बेडका आणायचा, मी सांगेपर्यंत बंद करायचं नाय, आसं तुमीच बोल्ला व्हतात ना?"

रोहिणीने टेबलावरची आजची डबी उचलली. ती हाताला कोमट लागली.

"आन बाई," जिजा म्हणाली, "गोळ्या संपल्यात त्याच्या."