संस्कृतीचा नंबर

"लागला, नवोदयले नंबर लागला तिचा," भागवत मोबाइल पाहत म्हणाला, तेव्हा त्याची बायको वर्षाराणी ओसरीत हरभरा पाखडत होती. सूप टाकून ती उठली. लेकीला, संस्कृतीला, कवेत घेऊन तिनं गिरकी घेतली आणि खळखळून हसली. कुंपणावरून शेजारच्या सोजरबाईला हाक मारून म्हणाली, "काकू, माही पोरगी आता मोठ्या शायेत जाते."

हसता हसता तिचं लक्ष गेलं. भागवतनं मोबाइल खिशात घातला होता आणि तो तिच्याकडे पाहत होता. सासू, गोजराबाई, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"गोळी घेतली का वं सकायची?"

"घेतली."

"रातची झोप झाली का?" भागवतनं विचारलं.

"झाली."

दोन्ही खरं होतं. मागं असंच हसत हसत तिनं अर्ध्या अनसिंग गावाला जेवायला बोलावलं होतं, आणि पुढं कित्येक आठवडे भिंतीकडे तोंड करून पडून राहिली होती. आजार दोन्ही टोकांचा आहे, जास्त आनंद दिसला तरी लक्ष ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून घर लक्ष ठेवून होतं. गोळ्यांनी हात जरा थरथरत, अंग जड राही, पण ती बरी होती. आजचं हसणं आजाराचं नाही, हे कसं पटवायचं ते मात्र तिला कळत नव्हतं. जोर देऊन सांगावं, तर तो जोरही आजारातच धरला जाई.

"तिले पोचवाले मी बी येतो," ती म्हणाली.

"पाहू. धावपय होते. तुले नाई सोसत."

भागवतच्या बोलण्यात राग नव्हता. तोही थकला होता.

वर्षाराणी खाली बसली. चेहरा आवरून पुन्हा पाखडू लागली. भागवत आईपाशी आत गेला.

थोड्या वेळानं संस्कृती तिच्याजवळ येऊन बसली. बराच वेळ आईच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"आई, तुले आनंद नाई झाला का?"

सूप हातातच थांबलं. आतलं बोलणंही थांबलं होतं.

"लय झाला," वर्षाराणी म्हणाली, आत ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात.