उपाशी पेशी

बर्फाचा डबा मांडीवर धरून ती हॉस्पिटलात किरणोपचाराच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली, तेव्हा शेजारच्या बाईंनी सरकून जागा दिली आणि हळूच विचारलं, "तुमचंही इथंच चाललंय का?"

डब्यात यीस्टच्या नळ्या होत्या. काही पेशी तिने भरपूर साखर देऊन वाढवल्या होत्या, काही उपाशी ठेवल्या होत्या. किरणांचा मार कुणाला जास्त बसतो, ते तिला बघायचं होतं. प्रयोगशाळेत तसं मशीन नव्हतं. दुपारी पेशंट आटोपले की हॉस्पिटलातलं मशीन तिला थोडा वेळ मिळे. हे सांगायला तिने तोंड उघडलं, पण बाई पिशवी उराशी धरून आतल्या दाराकडे बघत होत्या. ती नुसतं "हो" म्हणाली.

बाई शिवणकाम करायच्या. आदल्या दिवशी दारातूनच परत गेल्या होत्या म्हणे. आता सोबत मिळाली म्हटल्यावर आत जाऊन आल्या. मशीन चालवणाऱ्या माणसाला तिने त्याच दुपारी बजावलं, माझं काम काय ते यांना कळू देऊ नका. त्याने मान डोलावली.

मग रोजचंच झालं. बाईंना ती ताई म्हणू लागली. आधी ताई आत जायच्या, मग ती. बाहेर आल्यावर दोघी घटकाभर गप्पा मारत बसायच्या. ताई गिऱ्हाइकांच्या नकला छान करत.

प्रयोगही मनासारखा चालला होता. साखर खाऊन फोफावणाऱ्या पेशी किरणांखाली पटापट मरत. उपाशी पेशी वाढ थांबवून निपचित पडून राहत, आणि त्यातल्या कितीतरी तगत. प्रयोगशाळेत सर खूश होते. तीही होती.

अशात एकदा ताईंनी विचारलं, "उपाशी राहिलं तर ही किरणं कमी बाधतात का हो?"

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. घास उतरत नाही, म्हणून आपली मनाची समजूत."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"खा म्हणतात."

"मग खायचं. मलाही एकटीला जेवण जात नाही. उद्यापासून दोघी मिळून खाऊ."

प्रयोगशाळेत जेवून निघालेली ती, रोज बाकावर पुन्हा जेवू लागली. ताई आधी चिवडत बसत, मग तिच्या तोंडाकडे बघत एकेक घास घेत. तिचे कपडे दंडात काचायला लागले, तेव्हा ताईंना कोण आनंद झाला. त्यांनी आपणहून शिवणी उसवून तिचे कपडे सैल करून दिले.

पुढे प्रयोग संपला. सरांनी लिहायला बस म्हणून सांगितलं. ती सकाळभर लिही आणि दुपारी रिकामा डबा घेऊन हॉस्पिटल गाठी. आपली पाळी आली की जाड दाराआड जाऊन मशीनवाल्याच्या खोलीत थोडा वेळ बसे आणि बाहेर येई. दुपारची कुठं गायब होतेस, असं सरांनी दोनदा टोकलं. तिने थाप मारून वेळ निभावली. ताईंना अर्ध्यावर सोडायला तिचं मन धजत नव्हतं.

पण शोधनिबंध वाचायला परगावी जायची वेळ आली, तेव्हा तिचा नाइलाज झाला. त्या दिवशी आत गेल्यावर तिने मशीनवाल्याला विचारलं, ताईंचं आणखी किती राहिलंय? मी नसले आणि त्यांनी यायचंच सोडलं तर?

त्याने दार नीट लोटलं.

"बाई, दोघींनीही माझं तोंड बांधून ठेवलंय," तो म्हणाला. "ताईंचा कोर्स तुमचा प्रयोग संपायच्या आधीच पुरा झाला. त्याही रोज इथंच बसून जातात. म्हणाल्या, ती पोर एकटीच येते, माझ्याशिवाय घास गिळत नाही; तिचं संपेपर्यंत मला येऊ द्या."