कढीलिंबाचा गृहप्रवेश

अलास्कात सप्टेंबरातच पाणी गोठायला लागतं. परसातलं काचघर बंद करायला हेमलता दोन दिवस एकटी राबली. टोमॅटो उपटले, कुंड्या धुतल्या, हीटर काढला आणि शेवटी नऊ वर्षांचा कढीलिंब घरात आणला.

नवऱ्याने ती कुंडी उचलून परत काचघरात ठेवली. "पितृपंधरवडा चालू आहे. घटस्थापनेला आणू आत."

"अहो, ती काय नवी गाडी आहे? दर हिवाळ्यात घरातच असतो तो."

"तीन दिवसांत काय बिघडतंय?"

बोलून बोलून ती दमली आणि तिने नाद सोडला. त्याच रात्री पारा उणे सहावर उतरला. सकाळी सगळी पानं काळी पडून लोंबत होती. मग दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. फोडणीही नुसत्या मोहरीची केली.

घटस्थापनेच्या सकाळी तो आंघोळ करून, कुंडी छातीशी धरून दारात उभा राहिला. आत यावं की नाही, ते त्याला कळेना.

हेमलताने वाकून बुंध्याची साल नखाने जराशी खरवडली. आत हिरवं होतं. त्याला हे ती निदान महिनाभर तरी सांगणार नव्हती.

"उजवं पाऊल आधी टाका," ती म्हणाली.